पुस्तकं बांधणाऱ्या पोरानं चुंबक हलवला आणि जगाला वीज मिळाली

शाळेत विज्ञानाच्या तासाला एक प्रयोग हमखास असतो. तारेचं वेटोळं गॅल्व्हानोमीटरला जोडायचं आणि त्यात चुंबक आत-बाहेर करायचा. काटा हलतो. चुंबक थांबला की काटा परत शून्यावर. परीक्षेपुरतं हे सगळे पाठ करतात आणि पुढे विसरून जातात.

पण या एवढ्याशा प्रयोगापर्यंत पोहोचायला युरोपातल्या भल्याभल्या शास्त्रज्ञांना ११ वर्षं लागली. आणि शेवटी ज्याला तो जमला, त्याचं शालेय शिक्षण जेमतेम होतं.

त्याचं नाव मायकेल फॅरेडे.

२२ सप्टेंबर १७९१ चा त्याचा जन्म. गाव लंडन. वडील लोहारकाम करायचे, पण आजारपणामुळे काम कधी व्हायचं, कधी नाही. शाळेत लिहिणं, वाचणं आणि थोडीफार आकडेमोड इतकंच पदरात पडलं. १४ व्या वर्षी तो एका बुकबाइंडरकडे कामाला लागला. करार होता ७ वर्षांचा.

इतर पोरं पुस्तकं बांधायची, हा बांधता बांधता वाचायचा. एकदा विश्वकोशाचा एक खंड हाताखाली आला, त्यात विजेवरचा लेख होता. तो वाचून पठ्ठ्यानं चार पैसे जमवून घरीच छोटे छोटे प्रयोग सुरू केले.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते हम्फ्री डेव्ही, त्या काळचे इंग्लंडमधले सगळ्यात गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरेडेनं चार व्याख्यानं ऐकली, त्यांच्या नोंदी सुवाच्य अक्षरात उतरवल्या, आकृत्या काढल्या, आपल्या हातानं त्याचं पुस्तक बांधलं आणि थेट डेव्हींना पाठवून दिलं.

तेव्हा जागा नव्हती. पण काही महिन्यांत डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या एका मदतनीसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकलं गेलं आणि मार्च १८१३ मध्ये फॅरेडे तिथं रुजू झाला. काम काय, तर बाटल्या धुणं आणि प्रयोगाची मांडामांड करणं. त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. त्यांच्या खासगी नोकरानं यायला नकार दिला, म्हणून तेही काम फॅरेडेच्या गळ्यात पडलं. डेव्हींच्या बायकोनं तर त्याला नोकर म्हणूनच वागवलं. तरी त्या दौऱ्यात त्याला अँपिअर आणि व्होल्टा भेटले.

आता विजेकडे येऊ.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसलं, की तारेतून वीज वाहिली की शेजारची होकायंत्राची सुई वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. पुढच्याच वर्षी फॅरेडेनं पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, त्यात तार लोंबती सोडली आणि वीज जोडली. तार चुंबकाभोवती गोल फिरायला लागली. आजच्या इलेक्ट्रिक मोटरचं तत्त्व ते हेच.

इथंच माशी शिंकली. वोलॅस्टन नावाचे मोठे शास्त्रज्ञ याच विषयावर डेव्हींसोबत काम करत होते. फॅरेडेनं निबंध छापताना त्यांचा उल्लेख केला नाही आणि कल्पना चोरल्याची कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं सभासदत्व मिळालं, पण त्याला विरोध करण्यात खुद्द डेव्ही पुढे होते. ज्यांनी हात दिला, तेच आडवे आले.

मधल्या काळात सगळ्यांना एकच प्रश्न छळत होता. विजेपासून चुंबकत्व मिळतं, मग चुंबकापासून वीज का मिळू नये? लोक तारेजवळ चुंबक ठेवून बघायचे. काहीच व्हायचं नाही.

२९ ऑगस्ट १८३१. फॅरेडेनं एका लोखंडी कड्याला दोन बाजूंनी तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याला सुई. बॅटरी जोडली तशी सुई क्षणभर हलली आणि थांबली. बॅटरी काढली, पुन्हा क्षणभर हलली, पण उलट्या बाजूला. मध्ये वीज वाहत होती तोवर ती ढिम्म.

मग ऑक्टोबरमध्ये त्यानं पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आत-बाहेर केला. सुई हलली.

गुपित उलगडलं. वीज तयार होते ती बदलामुळे. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र वाढलं किंवा घटलं, तरच तारेत विद्युतधारा येते. चुंबक कितीही ताकदीचा असला आणि तो नुसता ठेवून दिला, तर काही उपयोग नाही. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन.

हे समजावताना फॅरेडेकडे समीकरणं नव्हती. कागदावर लोखंडाचा कीस टाकून खाली चुंबक धरला की ज्या वक्र रेघा उमटतात, त्यांनाच तो धरून बसला. त्यानं त्यांना बलरेषा म्हटलं. चुंबकाभोवतीची जागा रिकामी नसते, असं त्याचं म्हणणं. गणितवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे जेम्स मॅक्सवेल या तरुणानं त्याच रेषा गणितात मांडल्या आणि १८६० च्या दशकात त्यातून प्रकाश हीसुद्धा विद्युतचुंबकीय लहर आहे हे निघालं. चित्रं बरोबरच होती.

फॅरेडेनं सरकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. शाळकरी मुलांसाठी नाताळात व्याख्यानं मात्र तो वर्षानुवर्षं देत राहिला. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला.

आजही सौर पॅनल सोडले तर आपली बहुतेक वीज त्याच तत्त्वावर बनते. कोयनेचं पाणी टर्बाइन फिरवतं, ते तारांच्या वेटोळ्यांमध्ये विद्युतचुंबक फिरवतं. ती वीज घरात येऊन पंख्याची मोटर फिरवते. आणि त्या पंख्याच्या कपॅसिटरवर जो मायक्रोफॅरड लिहिलेला असतो, तो फॅरेडेच्याच नावावरून.