मॅट्रिकनंतर मराठीला बंदी असलेल्या विद्यापीठात भांडारकरांनी तिचं भाषाशास्त्र मांडलं

शिरोली एमआयडीसीत पाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर थांबा. "काल आलतो की, तू कुठं गेलतास?" असं हमखास कानावर पडतं. पुण्या-मुंबईचा माणूस म्हणेल, ही अशुद्ध मराठी. 'आलो होतो'चं 'आलतो' का होतं, हा मात्र भाषाशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. आपल्याकडे असे प्रश्न विद्यापीठात नेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

जन्म ६ जुलै १८३७, मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून. शाळा रत्नागिरीत, कॉलेज मुंबईचं एल्फिन्स्टन. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यात न्या. रानड्यांसोबत हेही होते. पुढं सिंध हैदराबाद आणि रत्नागिरीला हेडमास्तर झाले. शाळेतल्या पोरांसाठी त्यांनी संस्कृतची दोन पुस्तकं लिहिली. त्यांवर कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या.

आता गंमत बघा. एल्फिन्स्टनमध्ये ते संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते, पण कायमची खुर्ची मिळाली पीटर पीटरसन यांना. पीटरसन स्कॉटिश आणि वयानं दहा वर्षांनी लहान. भांडारकर त्यांच्या हाताखाली दुय्यम जागेवर राहिले. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते १८८२ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

पण त्यांचं खरं काम त्याआधीच, १८७७ मध्ये झालं होतं. जॉन विल्सन यांच्या नावानं मुंबई विद्यापीठानं भाषाशास्त्राची व्याख्यानमाला सुरू केली आणि पहिले व्याख्याते होते भांडारकर. त्या काळात याच विद्यापीठात मॅट्रिकच्या वर मराठी शिकवलीच जात नव्हती! ती परत आणायला रानडे आयुष्यभर झगडले. अशा ठिकाणी भांडारकरांनी संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश असं करत गाडी थेट आपल्या घरातल्या भाषेपर्यंत आणली.

म्हणजे काय केलं? 'हस्त'चा 'हत्थ' झाला आणि 'हत्थ'चा 'हात'. 'कर्म'चं 'कम्म', मग 'काम'. 'सप्त'चं 'सत्त', मग 'सात'. हे बदल कुणाच्या अडाणीपणामुळं, मनमानीनं झालेले नाहीत, त्यांना नियम आहेत. बोलताना जिभेचे कष्ट वाचवायचे, हे एक कारण. ओळखीच्या रूपासारखं दुसरं रूप घडवायचं, हे दुसरं. शिरोलीतलं 'आलतो' याच हिशोबात बसतं. (हे उदाहरण आमचं हं, भांडारकरांचं नाही.)

कोल्हापूरशी त्यांचा संबंध इतिहासातूनही येतो. ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, त्यात कोल्हापूरचे शिलाहारही आहेत. जुनी भाषा नीट वाचता येणाऱ्यालाच जमणारं काम हे.

१८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठानं डॉक्टरेट दिली. १८९३ मध्ये, एकेकाळी हंगामी जागेवर राबवून घेतलेल्या याच माणसाला मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद मिळालं. १९१७ मध्ये पुण्यात त्यांच्या नावानं भांडारकर संस्था उभी राहिली, तिला त्यांनी आपला ग्रंथसंग्रह देऊन टाकला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले.

आणि ती १८७७ ची व्याख्यानं? पुस्तकरूपात यायला १९१४ उजाडलं. तब्बल ३७ वर्षं!