बोलका घोडा आणि त्याचा लेखक : रेने गॉसिनी

चित्रकथेला वाङ्मयाच्या इतिहासात जागा द्यावी की चित्रकलेच्या, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकांनी बहुधा टाळलेच आहे. वास्तविक शब्द आणि चित्र यांचा सहवास मराठी परंपरेला नवा नाही. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत मांडताना दासोपंतांना आकृत्यांचाही आधार घ्यावासा वाटला. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी तर सुट्या चित्रांची पोथी समोर धरून एकेक चित्र उलगडत कथा गातात. पासोडीमागे एकच कर्ता उभा आहे. चित्रकथीत मात्र चित्र काढणारा हात आणि कथा गाणारा गळा वेगळे असू शकतात. विसाव्या शतकातील छापील चित्रकथेत ही फारकत व्यवसायाचा नियम झाली आणि तिची किंमत संहितालेखकाने मोजली. चित्रकाराची सही चौकटीत दिसे, संवाद आणि कथानक रचणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळदा कोठेच नसे. रेने गॉसिनी यांचे चरित्र पाहावयाचे ते या पार्श्वभूमीवर.

गॉसिनींचा जन्म 14 ऑगस्ट 1926 रोजी पॅरिस येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील स्तानिस्लास हे वॉर्साहून आलेले रसायन अभियंता, आई आन्ना ही युक्रेनमधील. आजोळचा पॅरिसमध्ये छापखाना होता. मूल दोन वर्षांचे असताना वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेस येथे गेले. तेथील फ्रेंच शाळेत त्यांचे शिक्षण झाले. घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी, आणि ज्या देशाची भाषा आपली म्हणून शिकायची तो देश समुद्रापलीकडे, अशी ही वाढ. भाषेकडे थोडे बाहेरून पाहण्याची, तिच्या लकबी ऐकून त्यांची नक्कल करण्याची जी सवय त्यांच्या लेखनात पुढे पदोपदी दिसते, तिचे मूळ येथे शोधणे गैर ठरू नये. 1943 च्या डिसेंबरात वडील अकस्मात वारले. सतरा वर्षांच्या मुलाला टायरच्या कारखान्यात हिशेबाच्या कामावर जावे लागले. त्याच काळात युरोपात आजोळच्या कुटुंबाची वाताहत झाली. आईचे भाऊ नाझी छळछावण्यांत मरण पावले. या आघाताविषयी गॉसिनींनी विनोदी लेखनात उघडपणे काही लिहिले नाही. त्यांचा विनोद दुर्बलाची टवाळी मात्र सहसा करीत नाही. त्याचा रोख असतो तो गणवेश, शिक्के आणि हुकूम यांच्या जोरावर फुगलेल्या माणसांकडे.

1945 मध्ये आई व मुलगा न्यूयॉर्कला मामाकडे गेले. मधल्या काळात फ्रान्समध्ये लष्करी सेवा झाली. परतल्यावर बेकारी आणि एकटेपणा वाट्याला आला. पुढे एका लहानशा चित्रशाळेत हार्वी कुर्ट्झमन, विल एल्डर आणि जॅक डेव्हिस यांच्या सहवासात त्यांना काम मिळाले. उपहासात्मक चित्रकथेचे अमेरिकेतील पुढील पर्व ज्यांनी घडविले तीच ही मंडळी. गॉसिनी तोवर स्वतःला चित्रकार समजत होते. आपल्या रेषेची मर्यादा या मित्रांच्या रेषेशेजारी त्यांना उमगली असावी. येथेच त्यांची गाठ बेल्जियन चित्रकार मॉरिस यांच्याशी पडली. मॉरिस 1948 पासून अमेरिकेत होते. त्यांचा लकी लूक हा गुराखी त्याआधीच, 1946 मध्ये, बेल्जियममधील स्पिरू या बालसाप्ताहिकाच्या वार्षिकात अवतरला होता.

गॉसिनी युरोपला परतले आणि 1955 पासून लकी लूकच्या कथा लिहू लागले. मूळ व्यक्तिरेखा मॉरिस यांची, तिची चालढाल, तिचा घोडासुद्धा त्यांचाच. गॉसिनींनी त्यात काय घातले हे पाहताना जॉली जंपर या घोड्यापाशी थांबणे भाग आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग आणि पिवळी आयाळ असलेला हा घोडा आरंभी नायकाचे चपळ वाहन होता. गॉसिनींच्या हाती तो बोलका झाला, आणि नुसता बोलका नव्हे, तर कथेचा भाष्यकार झाला. तो बुद्धिबळ खेळतो, गळ टाकून मासे धरतो, स्वतःचे खोगीर स्वतः चढवितो. पण त्याचे खरे काम कथेच्या कडेला उभे राहून धन्याच्या शौर्यावर, खलनायकांच्या मूर्खपणावर आणि क्वचित कथेच्या साचेबंदपणावरही शेरे मारण्याचे आहे.

पंचतंत्रातील बोलक्या प्राण्यांशी त्याचे नाते वरवरचे आहे. तेथे प्राणी नीती सांगण्यासाठी बोलतात आणि त्यांच्या बोलण्याचे कोणालाच नवल वाटत नाही. जॉली जंपर कोणतीही नीती सांगत नाही. त्याची जात शोधायची तर ती संस्कृत नाटकातील विदूषकाची, आणि त्याहूनही जवळची म्हणजे तमाशाच्या वगातील सोंगाड्याची. राजाचा हुकूम निमूट पाळता पाळता प्रेक्षकाकडे तोंड करून त्या हुकमाचेच वाभाडे काढणे ही सोंगाड्याची रीत. वगातला राजा त्यामुळे लहान होत नाही; उलट त्याच्यावरचा प्रेक्षकाचा विश्वास टिकतो, कारण हसण्याची मुभा आधीच मिळालेली असते. सावलीपेक्षाही वेगाने पिस्तूल झाडणारा लकी लूक हा नायक मुळात अशक्य कोटीतला. तो हास्यास्पद न होता हास्यकथेचा नायक राहतो, याचे श्रेय बव्हंशी या घोड्याकडे जाते. 1960 मध्ये गॉसिनींनी रँटनप्लॅन हा कुत्रा आणला. अमेरिकन चित्रपटांतील हुशार कुत्र्याचे हे विडंबन असून, घोडा माणसाहून शहाणा तर कुत्रा जगातील सर्वांत मूर्ख, अशी जोडी त्यामुळे पुरी झाली.

डाल्टन बंधूंची हकीकतही अशीच उद्बोधक आहे. ऐतिहासिक डाल्टन टोळीचा निकाल 1892 मध्ये कॅन्सासमधील कॉफीव्हिल गावी लागला होता. मॉरिस यांनी गॉसिनींच्या आगमनापूर्वीच त्यांच्यावर एक कथा रचून शेवटी त्यांना ठार केले. चांगली पात्रे अशी हातची गेलेली पाहून गॉसिनींनी त्यांचे चार चुलतभाऊ निर्माण केले. उंचीने चढत्या पायरीचे आणि बुद्धीने उतरत्या पायरीचे हे चौघे दर वेळी तुरुंग फोडून बाहेर पडतात आणि दर वेळी पकडले जातात. हे परतपरत येणे म्हणजे कल्पनादारिद्र्य नव्हे. एकच प्रसंग किती रीतींनी रचता येतो याची ती परीक्षा आहे, आणि लहान वाचकाला त्यातली गंमत मोठ्या समीक्षकाआधी कळते.

बालवाचकांसाठीच्या प्रकाशनांवर फ्रान्समध्ये 1949 च्या कायद्याने कडक देखरेख होती. त्यामुळे पिस्तुले भरपूर पण मृत्यू जवळपास नाहीच, असे एक विलक्षण पश्चिम अमेरिकन जग घडवावे लागले. बिली द किडवरील कथेत पाळण्यातला बिली पिस्तूल चोखतो असे एक चित्र होते, तेही गाळावे लागले. बंधनाने विनोदाचे नुकसान झाले असे सरसकट म्हणता येत नाही. गोळी शरीराला न लागता टोपीला, पट्ट्याला, दिव्याला लागते, आणि हास्य नेमके तेथे उपजते.

या यशात लेखकाचा वाटा काय होता? लकी लूकच्या पहिल्या गॉसिनीलिखित संग्रहावर त्यांचे नाव नव्हते. चित्रकथेचा लेखक हा व्यवसायच त्या काळी मान्य नव्हता. चित्रकाराने ठरल्यास त्याला आपल्या मानधनातून काही द्यावे, एवढेच. 1956 मध्ये गॉसिनी, लेखक जाँ-मिशेल शार्लिए आणि चित्रकार अल्बेर युदेर्झो यांनी चित्रकथाकारांच्या हक्कांसाठी सहकाऱ्यांना एकत्र करण्याचा प्रयत्न केला. बातमी मालकांपर्यंत पोहोचली आणि गॉसिनींना कामावरून काढण्यात आले. शार्लिए आणि युदेर्झो त्यांच्यापाठोपाठ स्वतःहून बाहेर पडले. मॉरिस यांनीही गॉसिनींकडूनच संहिता घेणे चालू ठेवले. पोटापाण्यासाठी पुढील काळात गॉसिनींनी जे विपुल लेखन केले, त्यातच चित्रकार साँपे यांच्यासह साकारलेला छोटा निकोला हा शाळकरी मुलगा आहे.

29 ऑक्टोबर 1959 रोजी पिलोत हे साप्ताहिक निघाले. या तिघांचा त्यात पुढाकार होता. पहिल्याच अंकात अॅस्टेरिक्स आला. रोमन साम्राज्याला दाद न देणाऱ्या त्या गावाची कीर्ती इंग्रजी भाषांतरांमुळे महाराष्ट्रातील शहरी वाचकांपर्यंतही पोहोचली असल्याने येथे तिचा विस्तार नको. संपादक म्हणून गॉसिनींनी पिलोतमध्ये नव्या पिढीच्या चित्रकारांना मोकळीक दिली आणि लेखक व चित्रकार ही दोन्ही नावे एकत्र छापण्याचा प्रघात रुळविण्यात मोठा वाटा उचलला. 1968 च्या मे महिन्यातील विद्यार्थी-कामगार उठावाच्या दिवसांत त्याच पिढीतील काहींनी त्यांना एका उपाहारगृहात बोलावून मालकांचा माणूस म्हणून धारेवर धरले. संघटनेपायी ज्याची नोकरी गेली त्याच्यावर बारा वर्षांनी हा आरोप यावा! तरुणांच्या काही मागण्या रास्त असतीलही. परंतु ही जखम कधी भरली नाही. 1974 मध्ये त्यांनी संपादकपद सोडले.

त्याच वर्षी त्यांनी युदेर्झो व प्रकाशक दार्गो यांच्यासह व्यंगपटांसाठी स्वतंत्र स्टुडिओ स्थापन केला. लकी लूकवरील पहिला चित्रपट 1971 मध्येच आला होता. दुसरा पूर्ण झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 5 नोव्हेंबर 1977 रोजी पॅरिसमध्ये हृदयाच्या तपासणीसाठी व्यायामचाचणी चालू असतानाच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. वय 51 होते. मागे पत्नी जिल्बेर्त आणि नऊ वर्षांची मुलगी आन होती.

लकी लूकसाठी त्यांनी लिहिलेली पहिली कथा पश्चिमेकडे रूळ टाकणाऱ्या रेल्वेची होती, शेवटची तारायंत्राच्या तारेची. मॉरिस इतर लेखकांना घेऊन 2001 मधील आपल्या मृत्यूपर्यंत ही मालिका चालवीत राहिले. घोडा बोलतच राहिला, मात्र त्याचे शेरे पूर्वीइतके अचूक उरले नाहीत, हे जाणत्या वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. अॅस्टेरिक्सची बेल्जियमवरील कथा लिहून झाली होती, चित्रे अपुरी होती. ती पूर्ण करताना युदेर्झो यांनी मित्राच्या मृत्यूनंतर काढलेल्या पानांवर आभाळ काळवंडलेले आणि पाऊस पडत असलेला दाखविला. तो संग्रह 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. 1988 पासून फ्रान्समध्ये गॉसिनींच्या नावाने एक पुरस्कार दिला जाऊ लागला. तो चित्रकथेच्या संहितालेखकासाठी आहे.