जॉन पोस्टेल : ऑफिससाठी सर्व्हर निवडण्याआधी ओळख करून घ्यावी असा माणूस

जीमेलवरून पाठवलेला ईमेल दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या मेलबॉक्समध्ये आरामात पोहोचतो. व्हॉट्सॲपचा मेसेज मात्र टेलिग्रामवर जात नाही. असं का? याचं उत्तर बऱ्याच अंशी जॉन पोस्टेल यांच्या आयुष्यात सापडतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वेबसाइटसाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी सर्व्हर सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली की मला हमखास हा दाढीवाला माणूस आठवतो.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावचा. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. गंमत म्हणजे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे इंटरनेटचे आणखी दोन शिल्पकारही त्याच शाळेचे. पुढे तिघेही यूसीएलए विद्यापीठात एकत्र आले आणि तिथेच १९६९ मध्ये इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क, म्हणजे आर्पानेट, सुरू झालं.

वेगवेगळ्या बनावटीचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणार कसे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. त्यावर क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी नावाची टिपणं सुरू केली. नावाचा अर्थ साधा : आमचा हा विचार आहे, तुमचं मत कळवा. या टिपणांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, त्यांच्याकडेच राहिलं. २,४०० हून जास्त टिपणं झाली, आणि कुणीही ती फुकट वाचू शकत होतं. मला विचाराल तर ऑनलाइन मिळून काम करण्याचं हे जगातलं सगळ्यात जुनं चांगलं उदाहरण आहे, आणि त्यासाठी कुठलंही भारी सॉफ्टवेअर लागलं नव्हतं.

ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ आलं. लेखक स्वतः पोस्टेल. एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल कसा द्यायचा, त्याचे नियम त्यात आहेत. यालाच आपण एसएमटीपी म्हणतो. सेंडमेल आणि पोस्टफिक्स ही दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली सॉफ्टवेअर्स आहेत, तरी एकमेकांना मेल देतात, ते या नियमांमुळे. वेबचंही तसंच. कुठल्या सेवेला कोणता पोर्ट नंबर द्यायचा, याची नोंद पोस्टेल ठेवायचे. सुरुवातीला तर चक्क वहीत! १९९२ च्या यादीत वेबसमोर ८० नंबर आहे. म्हणून तुम्ही आज अपाचे काढून एन्जिनेक्स टाकलं, तरी साइट वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता ऑफिसच्या कामाकडे या. चॅट, फाइल्स, कॅलेंडर, विकी हे सगळं एकाच ठिकाणी देणारी सॉफ्टवेअर्स ढीगभर आहेत आणि डेमोमध्ये सगळीच भारी वाटतात. मी आधी एवढंच बघतो की हे दुसऱ्याची भाषा बोलतं का. कॅलेंडरला कॅलडॅव्ह, फाइल्सना वेबडॅव्ह, मेलला आयमॅप. नेक्स्टक्लाउडमध्ये यातलं पहिलं आणि दुसरं मिळतं, म्हणून ते माझ्या यादीत वर असतं. आधीच्या एका ऑफिसात आम्ही एक चॅट सर्व्हिस सोडली, तेव्हा तीन वर्षांचे मेसेज हातात आले खरे, पण कोणतं उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते कळेना, आणि फाइल्सच्या लिंक बंद. तेव्हापासून मी विकत घेण्याआधीच एक्स्पोर्ट करून बघतो.

अर्थात ओपन म्हणजे सगळं छान, असंही नाही. सर्व्हर स्वतः चालवायचा तर अपडेट आणि बॅकअप कुणीतरी रोज बघायला हवं. तसा माणूस नसेल तर सरळ पैसे देऊन सेवा घ्या. आणि पोस्टेल यांच्या एसएमटीपीमध्ये पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोयच नव्हती. त्याचा त्रास आपण फसव्या मेल्समधून आजही भोगतो. विशेष म्हणजे नको असलेल्या मेलच्या धोक्यावर त्यांनी स्वतः १९७५ मध्येच एक आरएफसी लिहिलं होतं. पाठवताना नियम काटेकोर पाळा, घेताना थोडं सांभाळून घ्या, हे त्यांचं धोरण. ते भल्या लोकांच्या छोट्या नेटवर्कला शोभणारं होतं.

देशांची डोमेन नावं वाटायचं कामही त्यांच्याकडेच. देश कोणता मानायचा या वादात न पडता त्यांनी आयएसओची तयार यादी वापरली. भारताचं डॉट इन १९८९ चं. सुरुवातीला ते मुंबईतल्या जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडून चालायचं.

एवढी सत्ता एका माणसाकडे कशी, हा प्रश्न पुढे येणारच होता. जगातल्या डोमेन नावांची मूळ यादी १३ रूट सर्व्हरवर असते. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी त्यातल्या आठ सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला : यादी आता सरकारच्या कंत्राटदार कंपनीकडून नको, माझ्या मशीनवरून घ्या. त्यांनी लगेच ऐकलं! ना करार, ना हुकूम, नुसता विश्वास. लोकांचं इंटरनेट नीट चालू राहिलं, पण व्हाइट हाउस हादरलं. दबाव आल्यावर पोस्टेल यांनी ही फक्त चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. खरंच चाचणी होती का, यावर आजही वाद होतो. मला ती चाचणीपेक्षा जास्त वाटते.

त्याच सप्टेंबरात हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पोस्टेल मात्र १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ५५ व्या वर्षी गेले. मित्र व्हिंट सर्फ यांनी त्यांना श्रद्धांजली लिहिली, तीही आरएफसी म्हणूनच. नंबर २४६८.