गाडगेबाबा, धर्मशाळा आणि अन्ननलिकेचा सीटी स्कॅन

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या उपचारासाठी अमरावती-अकोल्याहून मुंबईला जावे लागले, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचे नाव तुमच्या कानावर येईलच. ज्यांच्या नावाने ती चालते, ते आपल्या वऱ्हाडचेच.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडिलांना दारूने नेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. तिथे त्याने गुरे राखली, शेती केली. मोठेपणी स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण दिले. भाऊबंद नाराज झाले. आज डॉक्टर म्हणून मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. दारू आणि तंबाखू (आपल्याकडचा खर्राही त्यातच आला) ही अन्ननलिकेच्या कर्करोगाची मोठी कारणे आहेत, आणि दोन्ही सवयी एकत्र असल्या की धोका आणखी वाढतो.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून लोकांची मने. मिळालेल्या पैशातून ऋणमोचनला घाट झाला. मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा झाल्या. अखेरच्या वर्षांत मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी राहिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या पेढी नदीकाठी त्यांनी देह ठेवला. सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला गेला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७१ मध्ये, लंडनला.

आता तुमच्या कामाचे. घास अडकत असेल, आधी भाकरी आणि मग पातळ पदार्थही उतरेनासे झाले असतील, वजन घटत असेल, तर पहिली तपासणी दुर्बिणीची. तिथून तुकडा काढून तपासल्यावरच कर्करोग आहे की नाही ते नक्की ठरते. सीटी स्कॅन त्यानंतरचे सांगतो: गाठ आजूबाजूला किती पसरली, लसिकाग्रंथी, फुप्फुस किंवा यकृतापर्यंत गेली का. त्यावरून शस्त्रक्रिया होईल की आधी औषधे आणि किरणोपचार, हे ठरवायला मदत होते. अगदी लहान गाठ सीटीत दिसत नाही. म्हणून सीटी चांगला आला, पण घास अजून अडकतोच, तर दुर्बीण टाळू नका.

बहुतेक वेळा शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. अंग क्षणभर गरम वाटते. मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, पूर्वीची ॲलर्जी किंवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर आधीच सांगा. किती तास उपाशी राहायचे, तेही केंद्रात विचारून घ्या.

मुंबईला निघताना तुकड्याचा अहवाल, सीटीच्या फिल्म आणि सीडी सोबत ठेवा, म्हणजे तपासण्या विनाकारण पुन्हा कराव्या लागणार नाहीत. धर्मशाळेत जागा मिळण्याबाबत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पोहोचल्याबरोबर विचारा.