सूरश्री केसरबाई आणि आम्ही बिनसुरी माणसे

चवथीला आमच्या पेडण्याच्या घरी घुमट आरत्या सुरू झाल्या की माझ्या हातातले कासाळे कोणीतरी हळूच काढून घेतो. रागाने नव्हे, सवयीने. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून हे चालत आले आहे आणि आता चाळिशी उलटून गेली. समेळावर पुढची थाप कुठे पडणार हे घरातल्या लहान पोरांना आधी कळते, मला ती पडल्यावर कळते. नुसता ताल चुकत असता तर चालले असते. पण खरी गोष्ट अशी की, गाणे ऐकून इतरांना जे काही होते ते मला होत नाही. बाबा माझ्या अगदी उलट. पणजीला कला अकादमीत दरवर्षी होणारा सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह त्यांनी कधी चुकवला नाही. परतीची बस मिळणार नाही म्हणून ओळखीच्यांकडे मुक्काम करीत, पण जात. मलाही दोनदा नेले. दोन्ही वेळा मी खुर्चीतच झोपलो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना केसरबाईंची एक कॅसेट सापडली. पट्टीवर त्यांच्या अक्षरात नाव लिहिलेले. गाणे कळत नाही, तर निदान गाणारीचे आयुष्य तरी समजून घ्यावे, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचला नाही.

पेडण्यातल्या पुष्कळांना केसरबाई आपल्या केरीच्या, म्हणजे तेरेखोलच्या नदीकाठच्या केरीच्या, असे वाटते. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. गोव्यात केरी तीन आहेत: एक पेडण्यात, एक सत्तरीत आणि एक फोंड्यात. केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी फोंड्याच्या केरीत झाला. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातले घर. त्या घरांत गाणे असे, पण ते हौसेचे नव्हते. पोटाचे होते, आणि त्याबरोबर येणारा उणेपणाही त्या बायकांच्याच वाट्याला येई.

गाणे न आवडण्याचे एक कारण या गोष्टीपाशी सापडते, आणि ते कानात नसून समाजात आहे. माझी आजी रेडिओवर बाईचा आलाप लागला की उठून मागीलदारी जायची. तिचा कान वाईट नव्हता. ओव्या ती सुरात म्हणे. पण मैफलीत गाणारी बाई म्हटली की तिच्या मनात काय उभे राही हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते. उलट बाजूनेही तेच घडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलावंत समाजातल्या सुधारकांनी मुलींना शाळेत घालायचे, जुना धंदा सोडायचा असे ठरवले, तेव्हा अनेक घरांनी गाण्याकडे पाठ फिरवली. ज्यांच्या रक्तात स्वर होता त्यांनीच तो घराबाहेर ठेवला. त्यांना दोष कसा द्यावा?

केसरबाईंनी मात्र गाणे सोडले नाही. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला गेल्या. ती तालीम जेमतेम आठ महिने चालली. परत गोव्यात आल्यावर सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे आमच्या डिचोली तालुक्यातल्या लामगावला येत, तेव्हा त्यांच्याकडे शिक्षण झाले. माझी कचेरी डिचोलीत आहे आणि लामगावची वाट मला रोजची आहे. तिथे कुठल्या ओसरीवर ही तालीम होत असेल, कोण ऐकत असेल, असे हल्ली मनात येते. पूर्वी त्या रस्त्याने जाताना फक्त खड्डे मोजत होतो.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या आई आणि मामांबरोबर मुंबईला आल्या. म्हैसूर दरबारचे सतारवादक बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले, पुन्हा वझेबुवा, असे तुकड्यातुकड्यांनी शिक्षण चालले. इतके गुरू, पण कोणाकडेच पुरता मुक्काम नाही. या काळातली एक हकीकत सांगितली जाते. मुंबईतल्या एका धनिकाच्या घरच्या बैठकीत केसरबाईंचे गाणे रंगले नाही. लोक ऐकेनासे झाले, आणि त्याच बैठकीत दुसरी गायिका दाद घेऊन गेली. तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. माझ्यासारख्याला ही हकीकत वाचून बरे वाटले, हे कबूल करतो. पुढे जिला सूरश्री म्हटले गेले तिच्या गाण्यानेही एके दिवशी समोरच्या माणसांना काहीच झाले नव्हते.

इथे आणखी एखादीने श्रोत्यांना काय आवडते ते हेरून तेच गायला घेतले असते. केसरबाईंनी उलटे केले. जे ऐकायला सर्वांत अवघड, तेच शिकायचे ठरवले.

अल्लादिया खाँसाहेब तेव्हा साठी ओलांडलेले, शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारात राहिलेले थोर गवई. तरुणपणी अतिगाण्याने त्यांचा आवाज बसला होता. तो परत आला तेव्हा पूर्वीसारखा राहिला नव्हता, म्हणून त्या आवाजाला मानवेल अशी नवी पेचदार गायकी त्यांनी घडवली. तिलाच आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात. ते केसरबाईंना शिकवायला सहजी तयार झाले नाहीत, अटीही कडक होत्या. अखेर १९२१ साली त्या त्यांच्या शागीर्द झाल्या. वय एकोणतीसच्या आसपास. इतर गायिका त्या वयात नाव कमावतात. यांनी पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. पुढली दहाएक वर्षे ही तालीम चालली. १९३० च्या सुमारास त्या व्यावसायिक मैफलींत उतरल्या आणि खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत त्यांच्याकडे शिकतच राहिल्या.

ही गायकी का अवघड, हे मला एका जाणत्या स्नेह्याने समजावले. नाट्यपदात शब्द असतात, ते धरून आपल्यासारखा माणूस गाण्याबरोबर चालतो. इथे शब्द नावापुरते, सगळा आकार. राग अनेकदा अनवट, किंवा दोन राग एकमेकांत विणलेले. तान सुरू झाली की दमसासावर लांबच लांब जाते, मध्ये थांबून टाळी घेण्याची सोय नाही, आणि लय एका सुरात चालत राहून बरोबर समेवर येते. ऐकणाऱ्याचा आनंद अंदाजात असतो म्हणे. पुढे काय येणार याचा कान मनाशी होरा बांधतो. तो खरा ठरला की सुख, थोडा हुलकावून खरा ठरला की जास्त सुख. ज्याने तो राग शंभरदा ऐकला आहे त्याला हा खेळ खेळता येतो. ज्याने ऐकलाच नाही त्याला नुसता आवाजाचा पाऊस. म्हणजे पुष्कळांना गाणे आवडत नाही ते ओळख नसल्यामुळे, आणि ओळख होऊ शकते.

पण सगळ्यांची होतेच असे नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली काही निरोगी माणसे तपासली. त्यांना सूर ओळखता येत होते, गाणे दुःखाचे की आनंदाचे तेही सांगता येत होते, पैसे जिंकले की आनंदही होत होता. फक्त गाण्याने अंगावर काटा येत नव्हता की छाती धडधडत नव्हती. मेंदूत ऐकण्याची जागा आणि सुखाची जागा यांचे दळणवळण अशांच्या बाबतीत कमी असते, असे नंतरच्या पाहणीत दिसले. शंभरात तीन ते पाच माणसे अशी असावीत, असा अंदाज आहे. ज्यांना दोन चालींतला फरकच कळत नाही ते वेगळे. डार्विनची गंमत अशी की, त्याला चाल ओळखता येत नसे, मित्र ओळखीचे गाणे जलद किंवा संथ वाजवून त्याची परीक्षा घेत, तरी तरुणपणी गाणे त्याला अतिशय आवडे. म्हातारपणी मात्र ते सुखही आटले आणि त्याची त्याला खंत वाटली.

हे वाचल्यावर मला वाटले, बाबांना हे कळायला हवे होते. मी झोपलो तो त्यांचा अपमान करायला नव्हे.

केसरबाईंच्या मैफलीत अशा झोपाळूला थारा मिळाला नसता. कुजबूज, अर्धवट दाद, वेळकाढू श्रोते त्यांना खपत नसत, असे जुने लोक सांगत. माइकशिवाय भरल्या दालनात शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारा तो आवाज. १९३८ साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यांचे गाणे ऐकून ते वाखाणले. १९४८ साली कोलकात्याच्या रसिकांनी सूरश्री ही पदवी दिली, १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण. तरी त्या रेडिओपासून दूर राहिल्या, ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या आणि शिष्याही फार केल्या नाहीत. त्यांतले मोठे नाव धोंडूताई कुलकर्णी. त्यांचा हा हट्ट मला पुरता पटत नाही. श्रोत्याची पात्रता पाहायची तर ती येणार कुठून? ज्याला मुंबईची बैठक परवडत नाही त्याचा कान रेडिओनेच तयार होतो. बाबांचा तसाच झाला, दुसऱ्यांची गाणी ऐकून. पण माझ्यासाठी त्यांनी आपले गाणे सोपे केले नाही, याबद्दल मात्र मला त्यांचा आदर वाटतो. सोपे करूनही मला काही झाले नसतेच.

आमच्या पेडण्यातल्या माल्प्याच्या अंजनीबाई मालपेकर यांची आठवण इथे येते. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांच्या त्या शिष्या. १९२३ साली, वयाच्या चाळिशीत, नाव झालेले असताना त्यांनी मैफली बंद केल्या आणि पुढे विद्यादान केले. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर यांच्यासारखे त्यांच्याकडे शिकून गेले. केसरबाई थांबल्या त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, आवाज पूर्वीसारखा साथ देईना तेव्हा. कमी प्रतीचे गाऊन दाद घेणे त्यांना मंजूर नव्हते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या गेल्या. केरीला त्यांच्या एका घराच्या जागेवर आज त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे.

त्याच महिन्यात, ५ सप्टेंबरला, अमेरिकेने व्हॉयेजर १ हे यान सोडले. व्हॉयेजर २ त्याआधी ऑगस्टात गेले होते. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि पृथ्वीवरच्या निवडक संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचवली. आयुष्यभर श्रोते पारखून घेणाऱ्या बाईंचे गाणे, ज्यांना कान आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही अशांकडे निघाले आहे.

कॅसेट वाजवायला आता घरात यंत्र नाही. मुलाने तीच भैरवी मोबाईलवर शोधून दिली. तो शाळेत तबला शिकतो. आजोबांवर गेला आहे. साडेतीन मिनिटांचे गाणे. गेल्या रविवारी मी ते चार वेळा ऐकले. भैरवी आहे हे त्याने सांगितले म्हणून ठाऊक. अंगावर काटा वगैरे काही आला नाही. फक्त चौथ्या वेळी एका जागी आवाज चढत गेला, आता थांबणार असे मला वाटले, आणि तो थांबला नाही. बाबा असते तर ती जागा कोणती ते विचारले असते.