व्हायलिमाचा यजमान

'ट्रेझर आयलंड' ही चांच्यांची कथा आमच्या शाळेंतील किती मुलांनीं रात्रीं दिव्याशीं बसून, अभ्यासाचें पुस्तक वर धरून, चोरून वाचली असेल, याचा आम्हांस चांगलाच अंदाज आहे. त्या कथेचा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्याच्या ग्रंथांचें परीक्षण करण्याचा आमचा येथें हेतु नाहीं. आयुष्याचीं शेवटचीं चार वर्षें तो मायदेशापासून हजारों मैल दूर, पॅसिफिक महासागरांतील एका उष्ण बेटावर घर करून राहिला. त्या घराची व तेथें आलेल्या पाहुण्यांची हकीकत सांगावी, इतकाच आमचा बेत आहे.

स्टीव्हन्सनचा जन्म ता. १३ नोव्हेंबर १८५० रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्याचे आजोबा व वडील दोघेहि दीपगृहें बांधणारे नामांकित एंजिनियर होते. मुलगाहि तोच धंदा करील अशी घरच्यांची अपेक्षा होती; परंतु त्याचें शरीर अगदींच नाजूक. लहानपणापासून छातीचें दुखणें पाठीस लागलेलें, त्यांतच मन गोष्टी लिहिण्याकडे ओढलेलें. तरुणपणीं धर्माच्या बाबतींत वडिलांशीं त्याचें तीव्र वितुष्ट आलें, आणि त्या भाविक पित्यास त्याचें अतिशय दुःख झालें. पुढें पितापुत्रांचें प्रेम पूर्ववत् झालें, ही समाधानाची गोष्ट. सन १८८७ मध्यें वडील वारले. त्याच वर्षीं स्टीव्हन्सन आपली वृद्ध आई, पत्नी फॅनी व तिचा मुलगा लॉइड यांसह अमेरिकेस गेला, व १८८८ च्या जूनमध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोहून एका भाड्याच्या गलबतानें दक्षिण समुद्राकडे निघाला. डॉक्टरांच्या औषधांनीं जें साधलें नव्हतें तें समुद्राच्या उबदार वाऱ्यानें साधलें. आजन्म बिछान्यास खिळलेला मनुष्य घोड्यावर बसूं लागला! थंड देशांत परत जाणें म्हणजे मरण, हें ओळखून त्यानें सामोआ बेटांतील आपिया बंदराच्या वर, तीन मैलांवर, डोंगराच्या उतारावर तीनशेंहून अधिक एकर रान १८९० मध्यें विकत घेतलें. त्या जागेचें नांव व्हायलिमा.

पुष्कळांस वाटतें कीं उष्ण देशांत घर केलेला गोरा मनुष्य म्हणजे व्हरांड्यांत आरामखुर्चीवर पहुडलेला साहेब. व्हायलिमाचे आरंभीचे दिवस तसे मुळींच नव्हते. रान तोडावयाचें, आणि एकीकडे तोडावें तों दुसरीकडे वेली माजावयाच्या. स्टीव्हन्सन स्वतः गुडघ्यांवर बसून तण उपटीत असे, आणि फॅनी भाजीपाल्याचे वाफे करी. अशा स्थितींत, १८९० च्या आक्टोबरांत, अमेरिकेचे इतिहासकार हेन्री अॅडम्स व चित्रकार जॉन ला फार्ज हे घोड्यांवरून अचानक दारांत येऊन उभे राहिले. अॅडम्स हे अमेरिकेच्या एका अध्यक्षाचे नातू व दुसऱ्याचे पणतू. त्यांना काय दिसलें? अर्धवट मोकळी केलेली जागा, लांकडाची एक लहानशी झोंपडी, आणि मळलेल्या पोषाखांतील, अस्थिपंजर झालेला यजमान! पाहुण्यांच्या मनाला तें रुचलें नाहीं. पण खरी अडचण कपड्यांची नव्हती, घरांत अन्नच नव्हतें. त्या दिवसांत नवराबायकोनें एका अवाकाडो फळाचे दोन भाग करून तेवढ्यावर रात्र काढल्याचे, कधीं कडक पाव व कांदे खाऊन निभावल्याचे प्रसंग होते. त्या दोघां पाहुण्यांस पुन्हां जेवावयास बोलाविलें तेव्हां त्यांनीं आपला शिधा आधींच वर पाठवून दिला. यजमानास यांत लाज वाटली असेल कीं नाहीं? वाटली असेल, परंतु घरांत कांहीं नाहीं म्हणून पाहुण्यास टाळावें, असें त्याच्या मनांत आलें नाहीं. आमच्याकडील गरीब घरांतून हें कित्येकदां पाहावयास मिळतें, म्हणून आम्हांस ही गोष्ट विशेष जवळची वाटते.

पुढें मोठें घर उभें राहिलें. त्यांतील दिवाणखाना साठ फूट लांब होता, भिंतींस कॅलिफोर्नियाचें तांबूस लांकूड, आजोबांच्या वेळचें सामान, एक पियानो, आणि—आश्चर्य असें कीं—एक शेकोटीचें धुराडें! जेथें बारा महिने घाम गळतो तेथें शेकोटी कशास? आमच्या मतें ती उबेसाठीं नव्हती; स्कॉटलंडच्या घराची ती खूण होती. परदेशीं राहणारा मनुष्य असा कांहीं तरी निरुपयोगी जिन्नस जवळ बाळगतोच.

या घरीं कोण येत नसे? आपिया बंदरांत नांगरलेल्या लढाऊ जहाजांवरील अधिकारी येत, साधे खलाशीहि येत. प्रॉटेस्टंट मिशनरी येत आणि रोमन कॅथलिक पाद्रीहि येत. सामोअन सरदार आपल्या मंडळीसह येत, आणि त्यांच्यासाठीं मिरवेलीच्या कुळांतील एका झुडपाच्या मुळापासून केलेलें 'कावा' नांवाचें पेय त्यांच्या रीतीप्रमाणें, मानाच्या क्रमानें, फिरविलें जाई. मेजावर अळूचे कंद, नीरफणस, केळीं, मासे हे पदार्थ विलायती पक्वान्नांच्या शेजारी मांडलेले असत. म्हणजे आमच्या कोंकणांतील मनुष्य तेथें गेला असता तर अर्धें जेवण त्यानें ओळखलें असतें. फ्रेंच द्राक्षासवहि असे. ही गोष्ट आम्हीं लपवीत नाहीं, आणि तिची शिफारसहि करीत नाहीं. नात्यांतील भाऊ ग्रेअम बाल्फोर १८९२ मध्यें आला तो अधूनमधून फिरतीवर जाई, पण घर त्याचें व्हायलिमाच झालें. पुढें १९०१ मध्यें त्यानेंच स्टीव्हन्सनचें चरित्र प्रसिद्ध केलें. मुंबईंत जन्मलेल्या रडयार्ड किप्लिंगलाहि येण्याचा आग्रह होता, पण ती भेट कधींच घडली नाहीं.

घरच्या सामोअन नोकरांना तो नोकर न मानतां कुळांतील माणसें मानी, आणि सणाच्या दिवशीं त्यांस स्कॉटिश चौकड्यांचीं लुंगीसारखीं वस्त्रें नेसावयास देई. प्रार्थनेच्या वेळीं शंख फुंकला जाई, आणि मालक, चाकर व पाहुणे एकत्र बसत. सामोअन भाषेंत गीत व शास्त्राचा अध्याय, मग स्टीव्हन्सननें स्वतः रचलेली इंग्रजी प्रार्थना, आणि शेवटीं सामोअन भाषेंत प्रभूची प्रार्थना, असा क्रम असे. त्याची श्रद्धा वडिलांसारखी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तरी घर चालवावयाचें तर तें प्रार्थनेवांचून चालत नाहीं, एवढें त्याला पटलें होतें.

सामोअन लोक त्याला 'टुसिटाला', म्हणजे गोष्टी लिहिणारा, म्हणत. लंडन मिशनरी सोसायटीच्या सामोअन मासिकांत १८९१ मध्यें त्याची एका जादूच्या बाटलींतील सैतानाची कथा भाषांतर होऊन आली. कल्पित कथा ही वस्तूच त्या लोकांस नवीन! बाटली खरीच आहे व या मोठ्या घराचा पैसा तिच्यांतूनच येतो, असा पुष्कळांचा ग्रह झाला. पाहुणे दिवाणखान्यांतील तिजोरीकडे टक लावून पाहत, आणि जरा ओळख वाढली कीं ती बाटली दाखवा म्हणून हळूच विचारीत.

वास्तविक पैसा येत होता तो केवळ लेखणींतून. पाहुणे निजलेले असतां पहांटे उठून तो लिही. हात दुखूं लागला तेव्हां सावत्र कन्या इझाबेल हिला मजकूर सांगूं लागला. छातींतून रक्त पडून बोलणें बंद झालें, तेव्हां मुक्याबहिऱ्यांच्या बोटांच्या खुणांनीं एकेक अक्षर सांगून त्यानें काम चालूं ठेविलें. आणि याच मनुष्यास थट्टेसहि वेळ असे! तेथील एक अमेरिकन अधिकारी हेन्री आइड यांची मुलगी अॅनी हिचा जन्म ख्रिस्तजयंतीच्या दिवशींचा. त्यामुळें आपला वाढदिवस निराळा असा होतच नाहीं, हें तिचें दुःख कळतांच स्टीव्हन्सननें १८९१ मध्यें रीतसर दस्तऐवज करून स्वतःचा १३ नोव्हेंबर हा वाढदिवस तिला देऊन टाकला. ती शर्ती पाळणार नाहीं तर तो दिवस अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जावा, असेंहि कलम त्यांत घातलें होतें.

आतां सांगावयाची गोष्ट थट्टेची नाहीं. सामोआवर त्या काळीं इंग्लंड, जर्मनी व अमेरिका या तिघांचाहि डोळा होता. राज्याच्या तंट्यांत मताआफा या सरदाराची बाजू न्याय्य आहे असें स्टीव्हन्सनचें मत होतें, आणि तें त्यानें उघड लिहिलें. त्यामुळें त्याला बेटाबाहेर घालवून देण्याच्या गोष्टीहि निघाल्या. परक्या देशांत राहणाऱ्यानें तेथील राजकारणांत इतकें पडावें कीं नाहीं, याबद्दल मतभेद होऊं शकेल. १८९३ च्या लढाईंत मताआफाचा पराभव झाला. त्याला दूर मार्शल बेटांत पाठविण्यांत आलें, आणि त्याचे सरदार आपियाच्या तुरुंगांत पडले. त्यांच्याकडे कोण पाहणार? स्टीव्हन्सन कुटुंबासह तुरुंगांत गेला, आणि त्यानें त्यांच्यासाठीं कावा, तंबाखू व अन्न नेलें. न्यायाच्या दिवसाविषयीं सांगतांना प्रभूनें जीं कामें गणलीं, त्यांत भुकेल्यास अन्न, परक्यास आसरा आणि बंदिवानाची भेट हीं तिन्ही आहेत. १८९३ च्या अखेरीस त्या बंदिवानांनींच उलट तुरुंगाच्या आवारांत त्याला मेजवानी दिली, आणि भेटींचे ढीग त्याच्यापुढें ठेविले. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हें त्या दिवशीं सांगणें कठीण होतें.

१८९४ मध्यें ते सुटले. व्हायलिमाकडे जाणारी वाट पावसांत चिखलाची होई, ती त्यांस ठाऊक होती. मजुरी घ्यावयाची नाहीं, बक्षीस घ्यावयाचें नाहीं, असें ठरवून ते आपल्या माणसांसह आले, आणि ज्या हातांना कुदळीची संवय नव्हती त्या हातांनीं त्यांनीं मोठ्या रस्त्यापासून त्याच्या दारापर्यंत सडक तयार केली. तिला 'प्रेमळ हृदयाचा रस्ता' असें नांव दिलें, आणि आपलीं नांवें एका फळ्यावर लिहून तो तेथें लाविला. आक्टोबरांत रस्ता पुरा झाला. स्टीव्हन्सननें त्यांस जेवण दिलें.

त्यानंतर दोन महिनेहि गेले नाहींत. ता. ३ डिसेंबर १८९४ रोजीं सायंकाळीं तो व्हरांड्यांत पत्नीस रात्रीच्या जेवणाच्या तयारींत मदत करीत होता. एकाएकीं हात डोक्याकडे नेऊन तो खालीं बसला. मेंदूंत रक्तस्राव झाला होता. थोड्याच तासांत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, दिवाणखान्यांत त्याचा प्राण गेला. मिशनरी मित्र रे. क्लार्क जवळ होते. रात्रींच सामोअन लोक मौल्यवान् चटया घेऊन आले, त्या त्याच्यावर पसरल्या, आणि प्रार्थना करीत सकाळपर्यंत बसून राहिले. वाएआ डोंगराच्या माथ्यावर पुरावें अशी त्याची इच्छा होती. पण वर जाण्यास वाट नव्हती. सरदारांनीं माणसें जमवून कुऱ्हाडींनीं रान तोडीत ती केली, आणि आळीपाळीनें खांद्यावर शवपेटी वाहून दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती माथ्यावर नेली. फॅनी १९१४ मध्यें वारली. पुढल्या वर्षीं तिची रक्षाहि तेथेंच आणून ठेवण्यांत आली.

टुसिटाला जेथें निजला आहे तेथें पांखरें निर्भयपणें गात राहावींत, म्हणून त्या डोंगरावर कोणीं बंदूक उडवूं नये अशी सरदारांनीं मनाई केली.