शंकर आबाजी भिसे : खिळ्यांच्या यंत्रासाठी वेचलेले आयुष्य

स्टार्टअप, गुंतवणूकदार, पेटंट हे शब्द आज तरुणांच्या तोंडी रुळले आहेत. शतकापूर्वी एका मराठी संशोधकाने या मार्गावरचे चढ-उतार लंडनमध्ये अनुभवले होते. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

२९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेले भिसे सरकारी हिशेब खात्यात नोकरीस होते. मन मात्र यंत्रांत रमत असे. किराणा माल आपोआप तोलणाऱ्या यंत्राच्या त्यांच्या आराखड्याला १८९७ मध्ये लंडनमधील स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि त्यांनी विलायतेची वाट धरली. तेथे दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

छापखान्याचा सारा व्यवहार तेव्हा शिशाच्या खिळ्यांवर चाले. हे खिळे वेगाने ओतणारे ‘भिसोटाइप’ हे यंत्र भिसे यांनी कल्पिले. मिनिटाला सुमारे १,२०० खिळे हे त्याचे उद्दिष्ट होते. परंतु अखंड ओळ ओतणारे लायनोटाइप आणि सुटी अक्षरे ओतणारे मोनोटाइप यांनी बाजारात आधीच पाय रोवले होते. त्यांच्यासमोर टिकायचे, तर नव्या यंत्राने प्रात्यक्षिकात चालून भागणार नव्हते. छापखान्यात ते रोज, न अडखळता चालायला हवे होते.

त्यासाठी लागणारे भांडवल अखेर मायदेशातून आले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांच्याशी भिसे यांचा संबंध जुळला आणि १९१० मध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ स्थापन झाले. एकाची कल्पकता, दुसऱ्याची थैली, असा हा जोड होता. मात्र यंत्र सिद्ध होण्यास लागणारा काळ लांबत गेला, खर्च वाढत गेला. त्यातच १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. पुढच्याच वर्षी सिंडिकेट गुंडाळावे लागले.

भिसे यांनी हाय खाल्ली नाही. युद्धकाळातच ते अमेरिकेला गेले आणि खिळ्यांच्या यंत्राचा ध्यास त्यांनी तेथेही चालू ठेवला. लोकांच्या हाती दीर्घकाळ राहिले ते मात्र त्यांचे ‘अ‍ॅटोमिडीन’ हे आयोडिनयुक्त औषध. सुमारे दोनशे शोध आणि चाळीस पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. भारतीय एडिसन म्हणून त्यांचा गौरवही झाला. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

भिसे यांच्याकडे बुद्धी होती, थोरामोठ्यांचा पाठिंबाही होता. शोध आणि बाजार यांच्यामधले अंतर ओलांडण्याइतका अवधी मात्र त्या भांडवलाला मिळाला नाही. नव्या उद्योगाचे अपयश म्हणजे संशोधकाचे अपयश नव्हे, हे त्यांचे चरित्र वाचताना ध्यानी येते.